लहानपणी बीसीजी घेतली आणि आता मॉन्टू पॉझिटिव्ह आली: रिपोर्ट कसा वाचायचा

परदेशातल्या इस्पितळात नोकरीला लागलेली नर्स, विद्यापीठाच्या हेल्थ सेंटरमध्ये बसलेला विद्यार्थी, संधिवाताची भारी इंजेक्शनं सुरू होण्याआधी तपासणीला पाठवलेल्या काकू. टीबीसाठी केलेल्या मॉन्टू टेस्टनंतर हातावर लाल उंचवटा आला की तिघांच्या तोंडी एकच वाक्य असतं: "मला जन्मतः टीबीची बीसीजी लस दिलीय, त्यामुळे ही टेस्ट पॉझिटिव्हच येणार." आपल्याकडचे काही डॉक्टरही असंच सांगून रिपोर्ट बाजूला ठेवतात. हे वाक्य काही जणांच्या बाबतीत खरं आहे. जन्माच्या वेळी लस घेतलेल्या आणि भारतात वाढलेल्या प्रौढ माणसाच्या बाबतीत मात्र ते बहुतेक वेळा चुकीचं ठरतं. तुम्ही कोणत्या गटात बसता हे पुढच्या क्रमाने गेलात तर कळेल.

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट असू द्या. मॉन्टू (बऱ्याच लॅबमध्ये 'मॉन्टेक्स' म्हणतात) पॉझिटिव्ह म्हणजे टीबी झाला असं नाही. शरीराची क्षयजंतूंशी किंवा त्यांच्या भाऊबंदांशी कधीतरी गाठ पडली आहे आणि पेशींना ती आठवते आहे, एवढंच ही टेस्ट सांगते. जंतू शरीरात आहेत पण झोपलेले आहेत, या अवस्थेला सुप्त संसर्ग म्हणतात. असा माणूस खोकला तरी दुसऱ्याला काही होत नाही. अशा शंभरांपैकी पाच ते दहा जणांना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो, आणि त्यातले साधारण निम्मे संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांतच आजारी पडतात.

पायरी १: 'पॉझिटिव्ह' हा शब्द सोडा, मिलिमीटर विचारा

रिपोर्टवर नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहिलं असेल तर तो रिपोर्ट अर्धवट आहे. तुम्हाला लागतो तो टणकपणाचा आकडा, मिलिमीटरमध्ये. लालीचा आकडा काही कामाचा नाही. भारतातल्या छोट्या लॅबमध्ये सर्वांत जास्त होणारी चूक हीच: लालीवर पट्टी ठेवली जाते आणि ८ मिमीचा टणकपणा २२ मिमी होऊन कागदावर उतरतो.

नीट वाचन कसं होतं ते एकदा पाहून ठेवा, म्हणजे समोरचा माणूस घाई करत असेल तर टोकता येईल. सुई टोचल्यापासून ४८ ते ७२ तासांच्या आत, चांगल्या उजेडात, हात कोपरात किंचित वाकवून टेबलावर ठेवायचा. आधी बोटाच्या टोकाने हलकेच चाचपून टणक भाग कुठे सुरू होतो ते पाहायचं. मग बॉलपेन घेऊन उंचवट्यापासून एक-दोन सेंटिमीटर बाहेरून आत, कातडीवर मध्यम दाब देत रेघ ओढत आणायची. टणक कडा लागली की पेन अडतं, आणि ते अडलेलं हाताला स्पष्ट जाणवतं. तिथे थांबायचं. समोरच्या बाजूनेही तसंच करायचं. या दोन रेघांच्या टोकांमधलं अंतर मोजायचं, तेही हाताच्या लांबीला आडवं. मनगट ते कोपर या दिशेने मोजलेला आकडा धरत नाहीत. टणकपणा नसेल तर '० मिमी' लिहायचं, 'निगेटिव्ह' नाही. फोड आला असेल, कातडी सोलली असेल तर तेही शब्दांत नोंदवायचं. घरी फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवणं हे वाचन नव्हे, कारण फोटोत लाली दिसते, टणकपणा दिसत नाही.

पायरी २: टेस्ट कशी केली ते तपासा

०.१ मिली ट्युबरक्युलिन (टेस्टसाठी टोचायचं औषध), कोपर आणि मनगट यांच्यामधल्या आतल्या बाजूला, कातडीच्या थरातच. सुई २६ किंवा २७ नंबरची, तिचं तिरकं तोंड वर. टोचल्याबरोबर ६ ते १० मिमीचा फिकट, संत्र्याच्या सालीसारखा दिसणारा फुगा यायला हवा. फुगा आला नाही म्हणजे औषध खाली चरबीत गेलं, आणि त्या टेस्टचा भरवसा गेला. मग निदान ५ सेंटिमीटर अंतरावर लगेच पुन्हा टोचावं लागतं. टोचलेली जागा चोळायची नाही, तिच्यावर बँडेड लावायचं नाही. खाज आली तर गार पाण्याची घडी पुरे.

औषधाची ताकद हा भाग आपल्याकडे कुणी विचारत नाही, आणि नेमका तिथेच घोळ असतो. अमेरिकेत ५ युनिटचं पीपीडी नावाचं ट्युबरक्युलिन वापरतात. भारतात आणि इतर बऱ्याच देशांत आरटी-२३ नावाचं ट्युबरक्युलिन वापरायचं असतं, त्याचे २ युनिट म्हणजे अमेरिकेतल्या ५ युनिटांच्या जवळपास. पण आपल्या बाजारात ५ आणि १० युनिटच्या बाटल्याही मिळतात आणि सर्रास टोचल्या जातात. मात्रा वाढली की उंचवटा मोठा येतो. १० युनिटवर आलेल्या १० मिमीचा अर्थ २ युनिटवरच्या १० मिमीइतका धरता येत नाही. म्हणून रिपोर्टवर मिलिमीटरच्या शेजारी युनिटही लिहून घ्या. बाटली उघडून महिना उलटला असेल किंवा ती फ्रिजबाहेर उजेडात पडून असेल तर उलटा प्रकार होतो: औषध मेलेलं असतं आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. गोवरानंतर, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीनंतरच्या चार-सहा आठवड्यांत, कुपोषणात आणि जास्त स्टेरॉइड चालू असतानाही खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

पायरी ३: लस कोणत्या वयात आणि किती वेळा घेतली

पॉझिटिव्ह रिपोर्टमध्ये बीसीजीचा वाटा किती, हे जवळजवळ पूर्णपणे या एका उत्तरावर ठरतं.

ट्युबरक्युलिन म्हणजे क्षयजंतूंच्या प्रथिनांचं मिश्रण. बीसीजी हा गुरांच्या टीबीचा जंतू. काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच संशोधकांनी १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षं २३० वेळा पुन्हापुन्हा वाढवून तो कमजोर केला. दोघांची बरीच प्रथिनं सारखी, म्हणून लस घेतलेलं शरीर ट्युबरक्युलिन ओळखतं. पण तान्ह्या बाळाला दिलेल्या लसीची ही ओळख वर्षं जातील तशी पुसट होते. शाळकरी वयात दिलेल्या लसीची जास्त टिकते.

२००६ साली २४ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून हे मोजलं गेलं. पहिल्या वर्षाच्या आत लस घेतलेल्या सुमारे २ लाख ४० हजार जणांत, लसीमुळे १० मिमी किंवा जास्त प्रतिक्रिया आलेले साधारण ८.५ टक्के होते. लस घेऊन दहा वर्षं झालेले वेगळे काढले तर हा आकडा फक्त १ टक्का निघाला. पहिल्या वर्षानंतर लस घेतलेल्यांत मात्र लसीमुळे पॉझिटिव्ह येणारे जवळपास ४२ टक्के, आणि दहा वर्षांनंतरही २१ टक्के.

भारतात बीसीजी जन्मतः दिली जाते, एका महिन्याच्या आतल्या बाळाला ०.०५ मिली, डाव्या दंडावर. राहून गेली तर वर्षाच्या आत. शाळेत पुन्हा देण्याची पद्धत आपल्याकडे नाही. पूर्वीच्या सोव्हिएत देशांत ती होती, त्यामुळे तिथून आलेल्या सहकाऱ्याचा रिपोर्ट आणि तुमचा रिपोर्ट एका मापाने मोजता येत नाही.

आपल्याकडे अपवाद तीन. पहिला, आजी-आजोबांची पिढी: भारतात बीसीजी १९४८ ला आली आणि १९५१ पासून मोहिमा निघाल्या, त्यांत मोठ्या मुलांनाही टोचलेलं आहे. दुसरा, २०२४ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत प्रौढांना दिलेली बीसीजी. मधुमेही, धूम्रपान करणारे, साठीपुढचे, रुग्णाच्या घरातले अशा लोकांना ती दिली गेली. त्यांच्या मॉन्टूवर काही वर्षं तरी विसंबता येणार नाही. तिसरा, मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी बीसीजी थेट मूत्राशयात सोडली गेलेले रुग्ण.

आणि वणाबद्दल. वण नाही म्हणजे लस नाही, असं नसतं. काही मुलांना वण उठतच नाही. उलट, पन्नाशीपुढच्या माणसाच्या हातावरचा मोठा, खडबडीत वण पुष्कळदा देवीच्या लसीचा असतो. खात्री फक्त लसीकरणाच्या कार्डावरून होते. कार्ड नसेल आणि जन्म दवाखान्यात झाला असेल तर 'जन्मतः दिली' असं धरून चाला.

पायरी ४: हिशोब मांडा

आता सुरुवातीच्या त्या 'बीसीजीमुळे पॉझिटिव्ह' या वाक्याची परीक्षा. राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात (२०१९-२१) भारतातल्या १५ वर्षांवरच्या लोकांत संसर्गाचं प्रमाण साधारण ३१ टक्के आढळलं. जन्मतः बीसीजी घेतलेले शंभर भारतीय प्रौढ रांगेत उभे करा. एकतीस जणांना खरा संसर्ग. उरलेल्या एकोणसत्तरांपैकी लसीमुळे पॉझिटिव्ह येणारे एक टक्का, म्हणजे एक पुरता माणूसही नाही. बत्तीस पॉझिटिव्हांत लसीमुळे आलेला फार तर एक. टेस्टची अचूकता थोडी इकडेतिकडे धरली तरी पारडं फिरत नाही. पुण्यात जन्मलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या नर्सचा १४ मिमी आला असेल तर तो पुण्याच्या लोकलमधल्या, वसतिगृहातल्या, वॉर्डातल्या हवेचा आहे. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या सुईचा नव्हे.

आता रांग बदला. दीड वर्षाचं बाळ, जन्मतः लस, घरात-शेजारी कुणाला टीबी नाही, टेस्टमध्ये ११ मिमी. या वयापर्यंत खरा संसर्ग झालेली मुलं थोडी, आणि लसीची आठवण ताजी. इथे लसीचा संशय रास्त आहे. आकडाही मदत करतो. १५ मिमीच्या पुढे लसीचं कारण दुबळं होत जातं, २० मिमीच्या पुढे तर लसीवर खापर फोडूच नये. पण आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, असं मात्र नाही.

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाने यासाठी एक मोफत ऑनलाइन गणकयंत्र केलं आहे. मिलिमीटर, वय, जन्मदेश, लसीचं वय, रुग्णाशी संपर्क हे भरलं की पॉझिटिव्ह खरी असण्याची शक्यता आणि आजार होण्याचा वार्षिक धोका मिळतो. डॉक्टरांशी बोलायला जाण्याआधी भरून पाहा.

पायरी ५: तुमच्यासाठी रेषा कुठे

अमेरिकेत पॉझिटिव्ह धरायच्या तीन रेषा आहेत. ५ मिमी पुरे: एचआयव्ही असलेले, नुकताच रुग्णाशी निकटचा संपर्क आलेले, अवयव बसवलेले, महिनाभर रोज १५ मिग्रॅ किंवा जास्त प्रेडनिसोलोन घेणारे, संधिवात-सोरायसिसची बायोलॉजिकल इंजेक्शनं घेणारे, एक्स-रेवर जुन्या टीबीचे डाग असलेले. १० मिमी: टीबी जास्त असलेल्या देशातून गेल्या पाच वर्षांत आलेले, इस्पितळात किंवा जंतूंच्या प्रयोगशाळेत काम करणारे, मधुमेही, डायलिसिसवरचे, लहान मुलं. १५ मिमी: कुठलाच धोका नसलेले. या यादीत बीसीजीसाठी सवलत कुठेही नाही. ब्रिटनने तर २०१६ पासून लस घेतली असो वा नसो, ५ मिमी ही एकच रेषा ठेवली. भारतात सर्वसाधारणपणे १० मिमी, एचआयव्हीत ५.

पायरी ६: लस न ओळखणारी टेस्ट करा

बीसीजी कमजोर होताना तिच्या जनुकांचा एक तुकडा गळून पडला. ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही दोन प्रथिनं बनवणारी जनुकं त्याच तुकड्यात होती. म्हणून फक्त या दोन प्रथिनांवर बेतलेली टेस्ट लसीला फसत नाही.

त्यातली रक्ताची म्हणजे इग्रा. आपल्याकडे तिला 'टीबी गोल्ड' म्हणतात. अमेरिकेत ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीत दोन वर्षांवरच्या सगळ्यांना इग्राच लागते, मॉन्टू चालत नाही. क्वांटिफेरॉन प्लस प्रकारात चार नळ्यांत प्रत्येकी १ मिली रक्त घेतात: राखाडी, हिरवी, पिवळी, जांभळी. राखाडी म्हणजे कोरी तुलना, जांभळी म्हणजे तुमच्या पेशी जाग्या आहेत का याची परीक्षा, आणि मधल्या दोन टीबीच्या. हिरव्या-पिवळ्यातला आकडा राखाडी वजा करून ०.३५ किंवा जास्त आला की पॉझिटिव्ह. ०.३५ च्या आसपासचे आकडे पुन्हा केल्यावर उलटतात, म्हणून इथेही नुसता 'पॉझिटिव्ह' शब्द न घेता आकडे घ्या. जांभळी नळी जागी झाली नाही किंवा राखाडीच जास्त आली तर रिपोर्ट 'इंडिटरमिनेट' येतो. याला 'निगेटिव्ह' समजू नका, टेस्ट परत करावी लागते.

बिघाड बहुतेक वेळा रक्त काढल्यानंतर होतो. नळ्या दहादा उलटसुलट हलवायच्या असतात, आणि सोळा तासांच्या आत इनक्युबेटरमध्ये जायला हव्यात. शनिवारी संध्याकाळी गल्लीतल्या कलेक्शन सेंटरवर रक्त देऊन ते मे महिन्याच्या उन्हात कुरियरने मुंबईला जाणार असेल, तर दुसरा वार आणि दुसरं ठिकाण निवडा.

आणखी एक युक्ती: मॉन्टू वाचायला जाल त्याच दिवशी इग्राचं रक्त द्या. ट्युबरक्युलिन टोचून तीन दिवस उलटले की ते स्वतःच इग्राचा आकडा वर ढकलू शकतं.

दुसरा पर्याय कातडीवरचाच: पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची साय-टीबी. टोचणं आणि ४८-७२ तासांनी वाचणं मॉन्टूसारखंच, पण आत तीच दोन प्रथिनं. ५ मिमी टणकपणा म्हणजे पॉझिटिव्ह, बीसीजी घेतली असो वा नसो. २०२२ साली भारतात मान्यता मिळाली, जागतिक आरोग्य संघटनेनेही हा प्रकार स्वीकारला. तुमच्या वयाला चालते का आणि उपलब्ध आहे का, हे जिल्हा क्षयरोग केंद्रात विचारा.

मॉन्टू पॉझिटिव्ह, इग्रा निगेटिव्ह आली तर? धोका कमी असलेल्या, लस घेतलेल्या माणसात इग्राचं ऐकतात. एचआयव्ही असेल किंवा घरात रुग्ण असलेलं लहान मूल असेल तर दोहोंपैकी एक पॉझिटिव्ह पुरे.

पायरी ७: आजार नाही ना, हे आधी पक्कं करा

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन उतरणं, मानेत गाठ. छातीचा एक्स-रे. यांपैकी काही सापडलं तर थुंकीत क्षयजंतू शोधणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट टेस्ट. हे टाळून गोळ्या सुरू करू नयेत. सुप्त संसर्गाला एक-दोन औषधं पुरतात, आजाराला चार लागतात. आजार असताना एकाच औषधाने मारा केला की त्या औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे उरतात आणि पुढे वाढतात.

उलट चूकही घडते. मूल खोकतंय, मॉन्टू १२ मिमी, म्हणून थेट सहा महिन्यांचा कोर्स. मॉन्टू किंवा टीबी गोल्डवरून आजाराचं निदान होत नाही. आणि कुणी रक्तातल्या आयजीजी-आयजीएम अँटीबॉडींवरून टीबी सांगत असेल तर उठून या. त्या टेस्टवर भारतात २०१२ पासून बंदी आहे.

पायरी ८: गोळ्या घ्यायच्या का

घरात फुफ्फुसाच्या टीबीचा रुग्ण असेल तर पाच वर्षांखालचं मूल आणि एचआयव्ही असलेली व्यक्ती यांना, आजार नाही एवढं पाहून, टेस्टची वाट न बघता प्रतिबंधक गोळ्या देतात. बाकीच्यांत डॉक्टर वय, यकृत आणि धोका पाहून ठरवतात. कोर्स असे: आयसोनियाझिड रोज सहा महिने (काही ठिकाणी नऊ), आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, बारा डोस, किंवा रिफॅम्पिसिन रोज चार महिने. छोटे कोर्स लोक पुरे करतात, लांबचे अर्ध्यात सोडतात, म्हणून मिळत असेल तर छोटा मागा. आयसोनियाझिडसोबत बी-६ जीवनसत्त्व देतात, नाहीतर तळपायाला मुंग्या येतात. दारू बंद. रिफॅम्पिसिन गटाने लघवी नारंगी होते, त्याला घाबरू नका. पण काळ्या चहासारखी लघवी, पिवळे डोळे, सतत मळमळ असेल तर गोळी त्याच दिवशी थांबवून दवाखाना गाठा. रिफॅम्पिसिन गटाची औषधं गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनचा असर कमी करतात, तेव्हा चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी सोबत न्या.

इस्पितळात काम करणाऱ्यांसाठी

रुजू होताना मॉन्टू असेल तर ती दोनदा करतात, पहिली निगेटिव्ह आली तर एक ते तीन आठवड्यांनी दुसरी. कारण असं की जुनी आठवण, मग ती संसर्गाची असो की बीसीजीची, पहिल्या सुईने नुसती जागी होते आणि दुसऱ्या सुईला उत्तर देते. ही दुसरी सुई सुरुवातीलाच झाली नाही, तर पुढच्या वर्षीचा उंचवटा 'वॉर्डात नवा संसर्ग झाला' म्हणून तुमच्या नावावर चढतो. शक्य असेल तर पहिल्याच दिवशी इग्रा मागा, हा सगळा गुंता टळतो.

एकदा नीट मोजलेली मॉन्टू पॉझिटिव्ह आली की ती पुन्हा करायची नाही. पुन्हा केल्याने काही नवं कळत नाही, हात मात्र सुजतो. त्याऐवजी एक पानाची फाइल करा: टेस्टची तारीख, मिलिमीटर, युनिट, इग्राचे आकडे, एक्स-रेचा रिपोर्ट, गोळ्या घेतल्या असतील तर कोर्स सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख, डॉक्टरांची सही. नोकरी बदलली की नवी कचेरी पहिल्यांदा तेच मागते, आणि बारा डोस पुरे केल्याचा कागद हरवला तर कोर्स झाला हे कुणाला पटवून देणं फार अवघड जातं.